आबांच्या हिरड्या

"पहिले मी," असं म्हणून आबा हात पुढे करायचे. वाटीतला घास बोटावर घ्यायचे, ओठ आत ओढून हिरडीवर हिरडी घासायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे. "जमी जाई." नाहीतर, "नही, हाई अजून कडक शे." निकाल लागेपर्यंत माझ्या मुलीच्या तोंडात काही जायचं नाही. असा परीक्षक तुम्हीही कुठल्यातरी गल्लीत पाहिला असेल. नसेल, तर तुमची गल्ली जरा कमनशिबी, एवढंच म्हणेन.

मेहरूणला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. सारी उमर केळीचे ट्रक दिल्लीपर्यंत नेण्यात गेली, त्यामुळे ओसरीत बोलले तरी चौकात ऐकू जायचं. त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी करून दिली. कवळी त्यांनी स्टीलच्या डबीत ठेवून दिली. "पाहुना शे तो. सनासुदीले येई." बोरांच्या दिवसांत मात्र टोपलीसमोर उभे राहिले की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

माझी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती. भाताचं शीत घशाशी अडकून ती एकदा लालबुंद झाली, तेव्हापासून सासूबाई तिचं सगळं खाणं फडक्यातून गाळायच्या. वरणाचं पाणी, पेजेचं पाणी, खिचडीचंसुद्धा पाणीच. घट्ट काही दिलं की पोर ओकारी काढायची आणि सासूबाई आणखी बारीक फडकं शोधायच्या. वजन वाढत नव्हतं. जूनमध्ये मला जामनेरच्या शाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं. दिवसभर मी नसताना ही नुसत्या पाण्यावर कशी राहणार? नोकरी सोडावी लागणार असं मी धरूनच चालले होते, आणि ती नोकरी मला फार प्यारी होती.

हे कानावर गेलं तसे आबा चपला न घालताच आले. "तिले दात नही, माले बी नही. आम्हनं आम्ही पाही लेसूत."

मी वरणाच्या पाण्यात चार शितं टाकून पाहत होते. आबांनी चमचाभर तोंडात घेतलं, इकडून तिकडे फिरवलं आणि त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. "पोरी, पानीमा शितं नको टाकू. गियानं का चावानं, तोंडले समजत नही." गिळायचं की चावायचं हा तोंडाचा घोळ आम्हा सासूसुनेच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. आम्हाला दात होते.

मग काय विचारता. रोज सकाळी आबा हजर. पहिल्यांदा नाचणीची खीर, रोज जरा दाट. मग घोटलेली मऊ खिचडी. मग भाजलेल्या वांग्याचा गर, त्यात नुसतं तूप. आबा समोर बसून एवढा मोठा जबडा हलवायचे, पोर टक लावून बघायची आणि आपलाही हलवायची. मी तर रात्री झोपताना उद्या काय शिजवायचं याचाच विचार करायचे. सासूबाई उंबऱ्यात उभ्या, हातात फडकं तयार.

पण उत्साहात आबांना ब्रेक लावणं जमायचं नाही. एका सकाळी त्यांनी मला न विचारता केळ्याची एक जाड चकती तिच्या हातात दिली. चकती बुळबुळीत, सरळ घशात गेली. पोरीचा आवाजच बंद झाला. मी तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे चकती बाहेर पडली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आबा, उद्यापासून येऊ नका."

आबा खाली मान घालून गेले. भिंतीपलीकडून पहिल्यांदाच काही ऐकू येईना. आमच्याकडे पुन्हा फडकं आलं, आणि मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवायला लागले.

आठवड्याने गल्लीतल्या बिबड्या निघाल्या. बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. भरड शिजवून जाड घाटा करायचा, तो थापून खाटांवर वाळत घालायचा. सगळ्यात मोठी खाट आबांची, म्हणून ते ती घेऊन आले आणि टेकवून परत निघाले. पोर माझ्या कडेवर होती. त्यांना पाहताच तिने जबडा हलवायला सुरुवात केली, रिकामाच.

आबा जागीच थांबले. सासूबाईंकडे बघून हळूच म्हणाले, "अक्का, पहिले मी?"

सासूबाईंनी पातेल्यामागून एक वाटी काढली. तिखटमीठ न घातलेला घाटा त्यांनी सकाळीच वेगळा शिजवून ठेवला होता. आम्हा कोणाला पत्ता नव्हता. "ल्या आबा," त्या म्हणाल्या.

आबांनी चाखला. "जमी जाई." मी बोटाच्या टोकावर घाटा घेऊन पोरीच्या ओठांना लावला. तिने एक ओकारी काढली. सगळ्या बायकांचे हात थांबले. आबांचा जबडा मात्र हलतच होता, मोठा, सावकाश. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं, भरड जिभेवर घोळवली, हिरड्यांनी दाबली आणि गिळली. आणि तोंड उघडलं.

"अजून दे तिले," सासूबाई ओरडल्या. गाळायच्या त्याच फडक्याने त्यांनी नातीचं तोंड पुसलं. मला रडूच आलं. जूनमध्ये मी जामनेरच्या एसटीत बसले, तेव्हा ओसरीत आबा आणि पोर ताटाला ताट लावून खिचडी खात होते.

पुढे पोरीला सगळे दात आले, आबांचा पाहुणा डबीतच राहिला. ती पहिलीत गेली त्या थंडीत आबा गेले.

उन्हाळ्यात त्यांच्या सुनेने खाट बाहेर काढून दिली. घाटा शिजला. पहिला गोळा ताटलीत निघाला आणि नुसताच वाफाळत राहिला. इतकी वर्षं पहिला घास आबांचाच असायचा; कोणी हात लावेना. तेवढ्यात बायकांमधून वाट काढत माझी मुलगी पुढे आली. दुधाचे पुढचे दोन्ही दात तिचे नुकतेच पडले होते.

"पहिले मी," ती म्हणाली. फुंकर मारून घास घेतला, ओठ आत ओढले, डोळे मिटले. आम्ही सगळ्या थांबून राहिलो.

"जमी जाई."

मग आम्ही पहिली बिबडी थापली आणि आबांच्या खाटेवर टाकली.