दाजींचं गूळपाणी

आमचे दाजी वीस वर्षं मुंबईच्या गोदीत मुकादम होते. परतताना त्यांनी एक ट्रंक आणि कचेरीतलं शुद्ध मराठी बरोबर आणलं. ट्रंक गंजली. मराठी मात्र दाजींनी पाव्हण्यांसाठी जपून ठेवलं.

१९६१च्या एप्रिलात तसा पाव्हणा आला. कॉलेजात सरकारी धोरण शिकवणारे प्रोफेसर! सरकारी विहिरी कुठल्या गावांना मिळतात, याचा ते अभ्यास करत होते.

"धोरण म्हणजे नेमकं काय हो?" दाजींनी विचारलं.

"कुणाला आधी, कुणाला मागाहून आणि कुणाला नाहीच, हे ठरवणं. ते कशावरून ठरतं, हे आम्ही शोधतो."

दाजींनी मान डोलावली. पण पाव्हण्यापुढे घरातली उणीव उघडी करायची नाही, हे त्यांचं स्वतःचं धोरण सरकारपेक्षा जुनं होतं. आमच्या वाडीची विहीर समुद्राकाठची. होळीनंतर पाणी खारट होई आणि बायका टेकडीपलीकडच्या झऱ्यावर जात. त्या दिवशी दाजींनी त्यांना पहाटे दोन खेपा जास्त घालायला लावून घरोघर घागरी भरून ठेवल्या होत्या. प्रोफेसरांना गूळ दिला, वर झऱ्याचं पाणी.

"वा! कुठलं हे?"

शेजारची हौसाबाई तोंड उघडणार, तोच दाजी म्हणाले, "दारातलंच. बारमाही."

प्रोफेसरांनी लिहून घेतलं. त्यांचा अहवाल सरकारकडे गेला. पुढच्या वर्षी विहिरी आल्या, त्या शेजारच्या दोन वाड्यांना.

त्याच उन्हाळ्यात हौसाबाई झऱ्याच्या उतारावर पडली आणि पायाने अधू झाली. तेव्हापासून तिची घागर दाजी आणू लागले. डोक्यावरून! बाप्यामाणसाने पाणी भरलेलं वाडीने कधी पाहिलं नव्हतं. निम्मं पाणी दाजींच्या सदऱ्यातच मुरायचं.

"दाजीनू, नीट धरा," हौसाबाई ओट्यावरून ओरडायची. "ह्या पाणी आसा, धोरण न्हय. सांडता!"

सगळी वाडी हसायची. दाजी खाली बघत घागर उतरवायचे. तिच्या पायाकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही.

चौसष्टच्या मे महिन्यात प्रोफेसर पुन्हा आले. दाजींनी तांब्या पुढे केला. पहिल्याच घोटाला प्रोफेसरांचं तोंड वाकडं झालं.

"गूळ नाही का?"

"गूळ आसा," दाजी म्हणाले. जपलेलं मराठी नेमकं तेव्हाच त्यांना सोडून गेलं. "पण आज दिवचंय नाय. ह्या आमच्या विहिरीचा पाणी. मागच्या खेपेक मी खोटा बोललंय. ल्हिवा."

प्रोफेसरांनी घाईने पेन काढलं.

"आणि एक घोट घेवा," ओट्यावरून हौसाबाई म्हणाली, "मगे ल्हिवा."