रासाईच्या पालखीचा बार

आमच्या हुंबाळवाडीत बार झाल्याशिवाय दसऱ्याचं सोनं कुणी लुटत नाही. रासाईची पालखी देवळातून निघून माळावर येते. तिथं आपट्याच्या फांद्या रचलेल्या असतात आणि सगळा गाव त्यांच्याभोवती टपून उभा असतो. मग गुंडूतात्या ठासणीची बंदूक आभाळाकडं करतात आणि नुसत्या दारूचा बार काढतात. गोळी नाही, छर्रा नाही, फक्त आवाज. तो समोरच्या डोंगराला धडकून परत आला की माणसं फांद्यांवर तुटून पडतात.

हा मान तात्यांच्या घराण्याचा. वडिलांचा होता, आज्याचा होता. याखेरीज गावात तात्यांना कुणी कसलाही मान दिलेला मी बघितला नाही. डोंगरउताराचं भाताचं रान, दावणीला म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. पंगतीत त्यांना कुणी पुढं बसवत नाही, ग्रामसभेत कुणी त्यांचं मत विचारत नाही. ते बोलायला लागले की लोक मोबाईल काढतात. पण दसऱ्याच्या संध्याकाळी ते पटका बांधून, मिशीला तेल लावून माळावर आले की सरपंचसुद्धा बाजूला सरकून वाट देतो. वर्षातली तेवढी एक संध्याकाळ त्यांची. बाकीचं वर्ष ते तिच्यावरच काढायचे.

मी सम्राट, त्यांच्या शेजारचा. नाव ऐकून दबू नका. माझं राज्य म्हणजे एक जीप. राधानगरी रस्त्यावर वडाप करतो, म्हणजे मिळेल ते शीट भरून कोल्हापूरला नेतो आणि आणतो. त्या वर्षी तात्यांना घेऊन हिंडलो म्हणून हे सगळं मला माहीत.

ठासणीच्या बंदुकीला काडतूस चालत नाही. तिला सुटी दारू लागते आणि वर घोड्याखाली बसवायला तांब्याची बारकी टोपी लागते. दोन्ही परवान्यावरच मिळतात. तात्यांकडं वडिलांच्या वेळचा चामड्याचा बटवा होता. त्यात जुनी दारू आणि टोप्या, आणि तात्या त्या लोणच्यासारख्या पुरवून वापरायचे. नवरात्रात घट बसले की बंदूक, दारू ठासायचा गज आणि बटवा देव्हाऱ्यापुढं मांडायचे आणि खंडेनवमीला त्यांची पूजा करायची, ही त्यांच्या घरची रीत. नंदादीपाशेजारी बंदुकीची दारू मांडणारं घर साऱ्या तालुक्यात दुसरं नसेल! त्यावरून चिडवलं की तात्यांच्या कारभारीण शालूकाकी म्हणायच्या, "देवाच्या दिव्यानं देवाची दारू पेटत न्हाय."

त्या वर्षी काकींनी टीव्हीवर कुठलीतरी आग बघितली आणि त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी बटवा दिव्यापासून उचलला आणि दुसऱ्या बाजूला, घटाच्या मातीला टेकवून ठेवला. आणि घट तरी कसा उगवावा! हात हात उंच, पिवळाधमक. शेजारपाजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या, "रासाई पावली बगा काकी," म्हणायच्या. काकी खुशीत येऊन रोज आणखी एक तांब्या पाणी घालायच्या.

खंडेनवमीच्या सकाळी तात्यांनी पूजेसाठी बटवा उचलला, तर तो हाताला गार लागला. उघडला तर आत काळा चिखल. टोप्यांवर हिरवट बुरशी. त्यांनी चिमूटभर चिखल उन्हात वाळवून काडी लावून बघितली. साधा फुसकासुद्धा आवाज आला नाही.

मी जीप धूत होतो. तात्या येऊन उभे राहिले. मागं दारात काकी, तोंडात पदराचा बोळा.

"सम्राटा, गाडी काढ. कोल्लापूरला जायचंय. उद्याच्याला बार हाय."

"काकींना काय बोलला न्हाईसा न्हवं?" मी विचारलं.

"काय बोलू? देवालाच पाणी घालत हुती की ती."

परवान्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बंडीच्या आत, असे तात्या पुढं बसले. मी मोबाईलवर बंदुकीचं दुकान शोधलं. मॅपनं आम्हाला उद्यमनगरात नेऊन एका चकचकीत दुकानासमोर उभं केलं. आत भिंती रंगवायच्या फवाऱ्याच्या गनांची रांग. "या पावणं, बंगला काढलाय काय?" दुकानदार म्हणाला. तात्यांनी हात जोडले आणि मागं फिरले. मी मात्र मॅपला आणि तो बनवणाऱ्याला मोठ्यानं शिव्या दिल्या. तेवढंच माझ्या हातात होतं.

मग तात्यांच्या आठवणीतल्या दुकानाकडं गेलो, लक्ष्मीपुरीत. जीपमध्ये ते सांगत होते, लाकडी काउंटर हाय, भितीवर सांबराचं शिंग हाय, म्हातारा मालक परवाना बघून आधी वडलांची चौकशी करतोय, मग दारू जोखतोय. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला थांबवलं, पटका नीट केला आणि ताठ चालत गेले. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगली होती. गुलाबी, निळी, सशाच्या कानांची. तात्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून आत बघत राहिले, जणू आणखी जरा थांबलं तर काउंटर दिसेल.

शेजारी दोरखंड आणि खिळ्यांचं दुकान होतं. त्याचे मालक श्रीपालशेठ तराजूला झेंडूचा हार घालत होते. त्यांनीच हाक मारली.

"कुणाला बघताय? म्हातारा गेला की वो. पोरं पुण्याला. परवाना परत केला, जागा भाड्यानं दिली."

"आमाला कळलं न्हाय," तात्या म्हणाले. घरातलं माणूस गेल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

"कळवणार कुणाला? गिऱ्हाईक कुटं ऱ्हायलंतं?" श्रीपालशेठ म्हणाले. मग तात्यांचं तोंड बघून त्यांनी आम्हाला बसवलं, चहा पाजला आणि शाहूपुरीतल्या एका नव्या दुकानाचा पत्ता दिला.

त्या दुकानाला काचेचं दार होतं, आत एसी. पृथ्वीराज नावाचा तरुण मालक अदबीनं बोलला. नेमबाजी शिकणाऱ्या पोरांच्या रायफली, त्यांची काडतुसं, कागदी निशाणं, सगळं त्याच्याकडं होतं.

"सुटी दारू आणि टोप्या आमी ठेवत न्हाई, काका. तिला परवाना वेगळा, गोदाम वेगळं. आणि मागणी कुटं हाय? तुमच्या एका बारासाठी कोण ठेवणार, तुमीच सांगा."

तो बरोबर बोलत होता, म्हणून तर माझं डोकं फिरलं. चुकीचं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. तात्यांनी मान हलवली. पृथ्वीराजनं मात्र आमच्यासाठी फोन फिरवायला सुरुवात केली. सांगलीत नाही. साताऱ्यात दुकान बंद झालेलं. बेळगावात होती, पण परराज्यातून आणायला वेगळी परवानगी. शेवटी इचलकरंजीला हंबीरराव नावाचे एक म्हातारे दुकानदार सापडले. दारू आहे, टोप्याही आहेत म्हणाले.

"हाय म्हणतोय की रं!" तात्या जीपमध्ये बसता बसता म्हणाले. पंचगंगेच्या पुलावर ते चक्क गुणगुणत होते. मला वाटलं, झालं काम. आता वाटतं, तो फोन लागलाच नसता तर बरं झालं असतं.

इचलकरंजी कधी नव्हे ती गप्प होती. खंडेनवमी म्हणून यंत्रमाग बंद. एरवी ज्या गल्लीत बोललेलं ऐकू येत नाही तिथं आमच्या जीपचा आवाज मोठा वाटत होता. उघड्या दारांतून हार घातलेले माग दिसत होते, पुढं उदबत्त्या, आणि पायऱ्यांवर नव्या कपड्यात बसलेले कामगार.

हंबीररावांच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो तर समोर पाट मांडलेला. पाटावर बंदुका, तराजू, दारूचा डबा, टोप्यांच्या डब्या, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार. तात्यांनी आधी त्या पाटाला वाकून नमस्कार केला.

हंबीररावांनी परवाना नीट चाळला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दारू हाय. देतो. खरं उद्या, सोनं लुटून आल्यावर."

"उद्या पालखीच्या आत पायजे," मी म्हणालो.

"पावणं, पूजंला मांडलंय. आमच्यात शीव वलांडून आल्याशिवाय पूजा हलवत न्हाईत. फोनवर तुमी आजच पायजे असं म्हणालाच न्हाईसा."

माझा तोल सुटला. एवढा मोठा डबा समोर आहे, हात लांब केला की पोचतो, मूठभर दारूनं कुठल्या देवाचं काय बिघडणार आहे, असं मी वाट्टेल ते बोललो. हंबीरराव हळूहळू विरघळायला लागले. त्यांनी तात्यांकडं बघितलं आणि हाराला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले.

"तात्या!"

"पूजंतलं उचलून बार काडला तर त्यो रासाईला पोचंल व्हय? ह्यांनी दिली तरी मी घेणार न्हाय." मग हंबीररावांकडं वळून, "तुमी बरोबर हायसा. माझ्या घरात कोन मागाय आलं असतं तर मीबी हेच सांगितलं असतं."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना नमस्कार केला. मला दोघांचाही संताप आला आणि रडूही आलं. ज्या भक्तीनं बटवा भिजवला, तीच आता डब्याच्या आड येऊन उभी होती. तिच्याशी भांडणार कोण?

परतताना रस्त्याकडेला फटाक्यांचा मांडव लागला. मी वेग कमी केला. "तात्या, फटाक्यातली दारू..."

"नळी फुटंल माझ्या तोंडावर. आन् रासाईला फटाका वाजवू व्हय रं?" ते म्हणाले, आणि परवान्याची पिशवी पुन्हा बंडीच्या आत सारली.

दसऱ्याच्या सकाळी तात्या स्वतःहून विजयसिंहकडं गेले. विजयसिंह आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. पोरगा दिलदार, तात्यांच्या पाया पडल्याशिवाय माळावर पाऊल टाकत नाही. तात्यांनी त्याला सरळ सांगितलं, "यंदा बार न्हाय. दारू भिजली. लोकास्नी आधी सांगून ठेव आन् सोनं तसंच लुटा."

विजयसिंह हळहळला. तात्यांना धरून बसवलं. "तात्या, तुमी काय काळजी करू नगासा. तुमी फकस्त बंदूक घिऊन तुमच्या जाग्याव उभं ऱ्हावा. बाकीचं आमी बगतो."

संध्याकाळी काकींनी घट उठवला. त्या पिवळ्याधमक तुऱ्यांची जुडी तात्यांच्या पटक्यात खोवली. एवढे लांब तुरे गावात कुणाच्याच डोक्यावर नव्हते. पालखी माळावर आली. सरपंचानं वाट दिली. तात्या त्यांच्या जाग्यावर जाऊन उभे राहिले, आणि सवयीनं त्यांचा हात वर गेला. रिकामी बंदूक आभाळाकडं झाली.

आणि बार झाला.

असला बार मी जन्मात ऐकला नव्हता. पायाखालची जमीन हादरली, डोंगर दणाणला, देवळावरची कबुतरं उडाली. मंडळाच्या पोरांनी गेल्या दसऱ्याला मोबाईलवर घेतलेला तात्यांचाच बार शोधून काढला होता आणि देवळामागं लपवलेल्या डीजेच्या भिंतीवर लावला होता. गाव ओरडत फांद्यांवर पडला.

मग लोक सोनं घेऊन तात्यांकडं येऊ लागले. "तात्या, यंदाचा बार लईच जंगी!" "तात्या, म्हातारपणी जोर चढलाय की तुमास्नी!" सरपंच पाठीवर थाप मारून गेला. विजयसिंह लांबून हसत हात हलवत होता, त्याला वाटत होतं म्हाताऱ्याची लाज राखली. आणि राखलीच होती त्यानं, मी त्याला काय बोलणार? बंदुकीच्या तोंडाशी धूर नव्हता. दारूचा वास नव्हता. एवढ्या गावात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

तात्यांनी बंदूक किती तरी वेळ खाली घेतली नाही. मी जवळ गेलो. त्यांनी मला आपट्याचं पान दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," म्हणाले, जसं परक्याला म्हणतात तसं.

दिवाळीआधी हंबीररावांचा फोन आला, पूजा उठली, दारू काढून ठेवलीय, केव्हा येताय? मी धावत तात्यांना सांगायला गेलो. ते गोठ्यात होते. "नगो म्हणावं," ते म्हणाले. "आन् उद्या गाडी काढ. बंदूक जमा करायची हाय."

ठाण्यात हवालदारानं परवाना परत करण्याचं कारण विचारलं. वय झालं लिहू का, म्हणाला. तात्यांनी नकाराची मान हलवली.

"माझ्याबिगर बार निगतोय," ते म्हणाले.

हवालदाराला काही कळलं नाही. त्यानं वय झालं असंच लिहिलं. येताना तात्या माझ्या शेजारी बसले होते, जाताना मांडीवर बंदूक होती तिथं आता नुसते हात. वाडीच्या वळणावर माळ दिसला तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.