पिशवीभर ज्वारी

उंब्रजच्या गिरणीत दळण ठेवून मी पायरीवर बसले होते. शेजारी साठीची एक अनोळखी बाई होती, मांडीवर ज्वारीची छोटी पिशवी घेऊन. तिचा नंबर आला की ती मागच्या बाईला म्हणायची, "तुमचं होऊ द्या आधी." तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मला राहवेना.

"कुठल्या हो तुम्ही? कुणाकडं आलाय?"

तिचा चेहरा खुलला. "इचारलंत बघा! आवं, दोन गावांत दळून आले, कुणी इचारलं न्हाई."

सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच रिटायर झालेली. घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूलाच बांधत होती. मुलानं पुण्यात तिच्यासाठी खोली तयार ठेवली होती.

"लय माया हाय त्याची. पण जल्मभर सरकारनं टाकलं तिथं राहिले. आता गाव मी निवडणार. घर कुठंबी मिळंल. मी दोन दिवस दिसले न्हाई, तर चौकशी करणारं कुणीतरी पायजे."

"आणि मुलगा रागावला तर?"

"रागवू दे. जेवायला बोलवीन की."

मग तिनं ज्वारी दळून घेतली, पीठ चिमटीत धरून वास घेतला, पिशवी काखेत मारली आणि ती स्टँडकडं चालू लागली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

महिन्याभरानं गिरणीत गेले, तर ती रांगेत उभी. पुढ्यात गव्हाचा भरलेला डबा. मागच्या बाईनं विचारलं, "माझं थोडंच हाय, आधी घालू का?"

"आज न्हाई बाई," ती डबा पुढं सरकवत म्हणाली, "घरी पोरगा जेवायला आलाय."