तव्यावरची भाकरी

भूमच्या कोर्टातल्या बेलिफांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. घराचा ताबा घ्यायला आले, की ते दारातूनच मान लांबवून आधी स्वयंपाकघरात बघायचे. शेगडीवर तवा असला तर सामानाला हात लावायचा नाही, हा त्यांचा घरचा कायदा.

आमच्या भाडेकरू बाईंना हे कुणीतरी सांगितलं असावं. निकाल आमच्या बाजूनं लागलेला, माझ्या हातात नवंकोरं कुलूप, आणि बाई आपल्या भाकरीमागून भाकरी थापतायत!

"मामा, दिवस मावळला की ताबा न्हाय घेता यायचा!" मी कुरकुरलो.

"व्हय की. पर भाकर तव्यावर हाय न्हवं?" म्हणत मामा अंगणात निवांत सुपारी कातरत बसले. त्यांनी बाईंकडचं पाणी घेतलं नाही, आणि माझा चहाही.

शेवटी दिवस मावळायच्या आधीच पीठ संपलं. बाईंनी स्वतःच तवा उतरवला. सगळं सामान टेम्पोत चढल्यावर मामांनी शेगडी आपल्या हातानं मागच्या कडेला ठेवली.

"ही आधी उतरव," ते ड्रायव्हरला म्हणाले. "गेल्या गेल्या पेटली पायजे."

टेम्पो वळणाआड गेला, तरी कुलूप माझ्या हातातच होतं.