पत्त्यावर न सापडलेली सून

धर्मापुरीत स्टँडच्या अंगाला दानम्माचं किराणा दुकान आहे. नवरा गेल्यापासून दुकान तीच बघते, आणि गाव म्हणतं, नवरा होता तेव्हाही तीच बघत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि आवाज असा खणखणीत की साखर आल्याची बातमी पलीकडच्या आळीला आपोआप कळावी. या बाईला जन्मात दोनच गोष्टींनी जेरीस आणलं. एक दुकानातल्या उंदरांनी आणि दुसरं सुनेच्या व्हिसानं. उंदरांसाठी तिनं मांजर पाळलं. व्हिसावर मात्र औषध सापडेना.

तिचा एकुलता एक मुलगा मल्लिकार्जुन माजलगावकडं एका साखर कारखान्यात बॉयलरवर होता. तिथल्या कुणाच्या तरी ओळखीनं तो युगांडातल्या कारखान्यात गेला.

"तिकडं बी ऊस असतोय?" दानम्मानं विचारलं होतं.

"लई असतोय, आई."

"मग हितल्या उसानं काय तुजं घोडं मारलंय?"

पोरगं ऐकेना. काही वर्षांनी परत आलं ते लग्न करूनच. बायको तिकडचीच, त्याच कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर कारकून होती. नाव नाकाटो. तिच्या भाषेत जुळ्यातल्या धाकट्या मुलीला हेच नाव ठेवतात, असं मल्लिकार्जुननं फोनवर समजावून सांगितलं. दानम्मानं फोन ठेवला आणि जाहीर केलं की, पोरगा घरात येईल, सून येईल, पण मी सुनेशी एक अक्षर बोलणार नाही. सगळ्या आळीला तिनं हे ऐकवलं. त्यामुळं ती दोघं आली त्या दिवशी आळी जमलेलीच होती.

नाकाटो उंबऱ्याच्या आत आली, सासूला बघितलं आणि सरळ दोन्ही गुडघे टेकून खाली बसली. तिच्या मुलुखात बायका थोरामोठ्यांना असाच नमस्कार करतात. दानम्माच्या स्वतःच्या बहिणीच्या सुनाही इतक्या खाली वाकत नव्हत्या.

"अगं ऊठ, ऊठ, फरशी गार हाय," दानम्मा म्हणाली, आणि अबोला तिथंच संपला.

नाव मात्र तिच्या जिभेवर बसेना. "नाकाटो म्हनलं की नाकाला कुनी तरी टोचल्यावानी वाटतंय," असं म्हणून तिनं सुनेचं नाव नागम्मा करून टाकलं. वर्षभरात गावाला दुसरं नाव माहीतच राहिलं नाही. मल्लिकार्जुन पुन्हा माजलगावला कामाला लागला, गाळप सुरू झालं की तिकडंच मुक्काम. घरी राहिल्या सासू आणि सून. नागम्मा डोक्यावर पदर घेऊन काट्यावर बसू लागली, शेंगदाण्याचा कूट करू लागली, आणि भाव करणाऱ्या गिऱ्हाईकाला "कावून उगं डोकं खाताव?" असं विचारू लागली.

आणि दरसाल दिवाळीच्या आसपास व्हिसा संपायचा.

दानम्माच्या लेखी व्हिसा म्हणजे एस्टीचा पास. पास संपला की कंडक्टर खाली उतरवतो. फरक एवढाच की इथं गाडी एक, पण कंडक्टर लई. मल्लिकार्जुन परळीला जाऊन कॉम्प्युटरवर अर्ज भरायचा. फोटो मोठा झाला म्हणून परत, बारीक झाला म्हणून परत. एकदा कॉम्प्युटरनं विचारलं की, अर्जदाराचं लग्न अजून चालू आहे का? दानम्माला हे समजलं तेव्हा ती म्हणाली, "लगीन म्हंजी काय पिठाची गिरनी हाय का, चालू हाय का बंद हाय इचारायला?"

गेल्या वर्षी अर्ज कसाबसा आत गेला. आता पोलीस चौकशी व्हायची होती. चौकशीला एक नवे जमादार आले, ते नेमके सोमवारी. सासू-सुना परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला गेलेल्या, दुकानाला कुलूप. जमादारांनी स्टँडवर राधाकिशनच्या हॉटेलात चहा घेतला आणि विचारलं, "इथं नाकाटो नावाची परदेशी बाई राहते का?"

राधाकिशननं मनापासून विचार केला. "परदेशी? न्हाई बा. मागं एक गोरी जोडी आलती जुनं देऊळ बघायला. फटू काढून गेली निघून."

शेजारच्या कडूबाईचा नियम वेगळा होता. पोलिसानं काहीही विचारलं तरी आधी नाही म्हणायचं. तिनं नाही म्हटलं. जमादारांनी आणखी दोघांना विचारलं. नाकाटो नावाचं कुणी गावात नाही, यावर धर्मापुरीचं एकमत झालं.

आठवड्यानं नागम्माच्या मोबाईलवर निरोप आला. तिनं तो इंग्रजीतला निरोप वाचला आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. मग हळूहळू हसू थांबलं.

"आत्या, मी हितं ऱ्हात न्हाई म्हनतेत."

"कोन म्हनतंय?"

"सरकार. पत्त्यावर सापडली न्हाई. आता देश सोडायची परवानगी मागा म्हनतेत."

दानम्मा दुकानातून उतरली ती थेट हॉटेलात. तिथं ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. राधाकिशन कपबशा हातात धरून उभाच राहिला. "पर काकू, मला काय ठावं? नागम्मा परदेशी हाय हे माज्या ध्यानातच न्हाई आलं की! रोज दूध नेती ती माज्याकडून."

"ध्यानात न्हाई आलं ना? मग चल आता साहेबाफुडं, अन् आन ध्यानात."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिघं जिल्ह्याच्या गावी निघाली. नागम्मा खिडकीपाशी बसली होती. अंबाजोगाई मागं पडलं. मग ती एकदम म्हणाली, "आत्या, मागच्या साली आई आजारी व्हती तवा मी कावून गेले न्हाई, ठावं हाय?"

"तूच म्हनलीस, तिची तब्येत सुधारली."

"न्हाई. तवाबी अर्ज अडकलेला व्हता. मधीच गेले अन् परत येऊ दिलं न्हाई तर? म्हनून मी सुधारली म्हनले."

दानम्मानं पिशवीतून दशमी काढली आणि अर्धी मोडून सुनेच्या हातात दिली. नागम्मानं ती हातातच धरून ठेवली, गाडी गावात शिरेपर्यंत.

कचेरीतले साहेब तरणे होते, बोलायला सभ्य. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं. दानम्मानं वाटेत सगळं भाषण पाठ केलं होतं.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"माजी सून. नागम्मा."

साहेबांनी पासपोर्ट उघडला. "यात नाव नाकाटो आहे."

"आसंल. पर तसं कुनी न्हाई आमच्यात."

राधाकिशनला झाल्या चुकीची भरपाई करायची होती. तो घाईनं म्हणाला, "व्हय साहेब, मी बी जमादारसाहेबास्नी हेच सांगितलं. नाकाटो कुनी न्हाईच."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे नाकाटोच्या पासपोर्टवर ही नागम्मा राहते?"

"व्हय!" दानम्मा म्हणाली. साहेबांना एकदाचं कळलं म्हणून तिला इतका आनंद झाला की तिनं राधाकिशनला कोपरानं ढोसलं.

"आत्या, तुमी जरा गप बसताव का?" नागम्मा म्हणाली. "साहेब, मीच नाकाटो. ह्यांनी नाव बदललं माजं. घरात. कागदावर न्हाई."

हे ऐकून साहेबांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. ते फोटोकडं बघत, मग तिच्याकडं, मग तिच्या बोलण्याचा विचार करत. "बाई, तुम्ही बोलता तर आमच्या अंबाजोगाईच्या मावशीसारख्या. युगांडाची भाषा येते?"

"येती की."

"बोला बरं काहीतरी."

नागम्मानं कचेरीभर नजर फिरवली. "कुनासंगं बोलू? भाषा काय गानं हाय का साहेब, म्हना म्हनलं की म्हनायला?"

मग तिनंच मोबाईल काढला आणि आईला व्हिडिओ फोन लावला. तिकडं सकाळ होती. आई बाजारात केळीचे घड मांडून बसलेली. पडद्यावर तिचा अर्धा चेहरा आणि बाकी नुसती केळी. आणि नागम्मा बोलायला लागली.

दानम्मानं तिला फोनवर बोलताना ऐकलं होतं, पण ते आतल्या खोलीत, दार लोटून, हळू आवाजात. हे निराळंच होतं. नागम्मा भराभरा बोलत होती, हातवारे करत होती, मधेच खदखदून हसत होती, मधेच साहेबांकडं बोट दाखवून तक्रार करत होती. भाषा एका अक्षरानं कळत नव्हती, पण सूर कळत होता. सून अशी आईवर रुसते, अशी लाडात येते, अशी फाडफाड भांडू शकते, हे दानम्माला ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं तिला वाटत होतं की दुकानातलं बोलणं सोडलं तर पोरगी जरा अबोल आहे. मराठीत ती जेवढी होती तेवढीच ती आहे, असं धरून चाललो आपण. दानम्माला स्वतःचीच लाज वाटली.

"बरं, बरं, पटलं," साहेब म्हणाले. माय-लेकी थांबल्या नाहीत. साहेबांनी दुसरी फाइल ओढली, तीही वाचून झाली. शेवटी पडद्यावरच्या आईनं दानम्माला बघितलं आणि फोन जवळ धरून म्हणाली, "जेबाले को, न्याबो."

"काय म्हनती?"

"बाई, तुमी लई कष्ट घेतले म्हनती."

धर्मापुरीत जिचा आवाज दोन आळ्यांना पुरतो त्या दानम्मानं उठून हात जोडले. "शरणार्थ इहीनबाई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

साहेबांनी चौकशी पुन्हा करायला सांगितली. आणि निघताना म्हणाले, "दरवर्षी हे कशाला करता? नवरा भारतीय आहे, लग्नाला इतकी वर्षं झाली. कायमच्या कार्डासाठी अर्ज का करत नाही?"

नागम्मानं पासपोर्ट फटकन पिशवीत टाकला. दानम्मानं तिचा चेहरा बघितला आणि ओळखलं, आता माजलगावकडं वादळ जाणार.

जमादार पुन्हा आले तेव्हा गाव तयारीत होतं. राधाकिशननं चहाआधीच सुरुवात केली. कडूबाईनं तर आपला नियमच मोडला. "परदेशी? लई परदेशी! पार समिंद्राच्या पल्याडची."

"आणि नवऱ्यासोबत राहते ना?"

"नवऱ्यासंगं कशाला ऱ्हाईल? ती सासूसंगं ऱ्हाती. नवरा तिकडं माजलगावला."

जमादारांचा पेन थांबला. दानम्मानं कडूबाईकडं असं बघितलं की ती घरात गेली ती बाहेर आलीच नाही. लगेच मुलाला फोन. "बॉयलर सोड अन् हाय तसा ये!"

मल्लिकार्जुन मोटारसायकलवर आला, केसांत उसाचा भुसा, अंगाला मळीचा वास. तोवर जमादारांना दोनदा पोहे झाले होते. त्यांनी नवरा-बायकोला समोर उभं केलं आणि खऱ्या लग्नाचा पुरावा म्हणून काय विचारावं याचा विचार करत असतानाच नागम्मा नवऱ्याला म्हणाली, "कायमच्या कार्डाचं काय झालं?"

"करू की. आता सिझन हाय."

"मागल्या सिझनला बी सिझनच व्हता! लग्नाच्या कागदावर दिल्लीहून शिक्का आनायचा व्हता, कुनी आनला? तू ऱ्हातोस तिकडं भट्टीपुढं. दरसाल मला पावनी केली जाती, तुला न्हाई!"

"अगं, साहेबासमोर..."

"साहेबासमोरच सांग!"

मल्लिकार्जुन आईकडं बघू लागला. आई सुनेच्या बाजूला जाऊन उभी राहिली. जमादार स्वतः अठरा वर्षांचे संसारी होते. त्यांनी पुढं काहीच विचारलं नाही, खाली मान घालून 'पती-पत्नी' असं लिहिलं, आणि गाडीला किक मारली.

व्हिसा वाढवून आला, तोही एकाच वर्षाचा. गाळप संपल्याबरोबर मल्लिकार्जुन शिक्क्यासाठी दिल्लीला गेला, म्हणजे त्याला पाठवण्यात आलं. कार्डाचा अर्ज आता कुठं तरी आहे, कुठं ते कुणी सांगत नाही.

पण व्हिसा हातात पडताच दानम्मानं पहिलं काम केलं. सुनेला आईकडं पाठवलं, चांगली महिनाभर. जाताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि विहिणीला इरकली लुगडं. नागम्मा परत आली की नाही, हे दुकानात आलेला प्रत्येक जण विचारी, कारण काट्यावर दानम्मा बसली की हात जरा आखडता असे.

"काकू, नागम्मा कवा येनार?"

"येईल. आईजवळ हाय ती, बोलून घेऊ दे पोटभर," दानम्मा म्हणे. "तुला काय पायजे ते सांग."