न हरवलेला तुकडा

उसाची ताजी खांडं टेबलावर ठेवली की त्यांच्या कापल्या तोंडांवर रसाचे बारीक थेंब जमतात आणि एक हिरवट, कच्चा गोडवा खोलीभर पसरतो. त्या वासाने मला आजही घाम फुटतो. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना तर नाहीच. उसाच्या मुलखात राहून उसाच्या वासाला भिणारा माणूस! तुम्हाला हसू येईल. पण माझ्यामुळे एका मुलीने गणित सोडलं, आणि चूक माझी होती हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं.

सत्तावीस वर्षं झाली. सांगलीच्या कॉलेजातून गणिताची पदवी घेऊन मी औंधजवळच्या एका शाळेत नुकताच रुजू झालो होतो. खिडकीतून यमाईचा डोंगर दिसे, आणि त्या डोंगराहून माझा रुबाब मोठा! नववीच्या वर्गात फळ्यावर मी शून्य, दशांशचिन्ह आणि पुढे नवांची रांग लिहिली. ऐटीत सांगितलं, "नऊ लिहीत जन्म घालवा, याचा एक होणार नाही. जवळ जाईल, पोचणार नाही."

गळिताच्या हंगामात मुलं सरांसाठी ऊस आणत. त्या दिवशी शालनने आणला होता. तिचे वडील पलटणीत, शेत आई बघायची. पोरगी अंगाने थोराड, बोलायला धीट. ती उठली, टेबलावरची तिन्ही खांडं तिने एकाला एक लावून ठेवली.

"सर, ह्यो एकच ऊस हाय. तीन सारखी खांडं केली. एक खांड म्हंजे शून्य पॉइंट तीन तीन तीन, संपतच न्हाई. तिन्ही जोडली तर नऊ नऊ नऊ झालं. पर ऊस तर आख्खा हाय की वो! मग ऱ्हायलेला तुकडा कुणी खाल्ला?"

उत्तर नसलेल्या मास्तराजवळ जे असतं ते मी वापरलं. म्हणालो, "कुणी म्हणजे? तूच खाल्ला असशील. अंगावर दिसतोय की!"

काय हशा पिकला! मी स्वतः हसलो. मधल्या सुट्टीत तिचं नाव पडलंसुद्धा. "ए तुकडा, लय गोड हुता का गं?" व्हरांड्यातून मला ते ऐकू येत होतं.

रविवारी दुपारी मी सांगलीहून आणलेली ट्रंक उघडली. कॉलेजातली एक वही हाती लागली, आणि तिच्या एका पानावर, माझ्याच अक्षरात, तीच नवांची रांग होती. खाली सिद्धता, आणि शेवटी दोन रेघांनी अधोरेखित केलेलं वाक्य: म्हणून ही संख्या एकच आहे. एकाच्या जवळची नव्हे, एकच! मी जमिनीवर बसलो. हे मी लिहिलं होतं, परीक्षेत यावर गुण मिळवले होते, आणि त्यातलं अक्षरही मला कधी शिवलं नव्हतं.

दोन संख्या वेगळ्या असतील तर त्यांच्यामध्ये काही अंतर असायला हवं. किती अंतर? दशांशाएवढं म्हणावं तर दुसरा नऊ ते खातो, शतांशाएवढं म्हणावं तर तिसरा. कल्पनेतली सूक्ष्मातिसूक्ष्म फट घ्या, पुढचा कुठला तरी नऊ ती बुजवायला आधीच उभा असतो. उरतं केवळ शून्य! मी अनंताला एक लांबच लांब वाट समजत होतो, जिच्यावर बिचारे नऊ धापा टाकत चालले आहेत. पण अनंत चालत नाही. ते सगळेच्या सगळे नऊ एकाच क्षणी तिथे हजर असतात, आणि त्या अखंड हजेरीचंच नाव एक. चौदा वर्षांच्या मुलीने तीन खांडं केलेल्या उसात ते पाहिलं होतं. तुकडा कुणीच खाल्ला नव्हता.

सोमवारी वर्गात जाऊन एवढंच सांगायचं होतं. खडू हातात घेतला, शालनकडे पाहिलं. ती खाली मान घालून वहीला समास आखत होती. मी पुढचा धडा काढला. सुरुवातीच्या केसाएवढ्या फरकाने पुढे सारं चित्र पालटतं, असं एक शास्त्र आता सांगतं. मी मात्र माझ्या विनोदाचा फरक शून्य धरला होता. शालनने वर्गात पुन्हा प्रश्न विचारला नाही. दहावीला गणितात जेमतेम सुटली, कला शाखेला गेली, आणि एका वर्षात तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं.

गेल्या महिन्यात मलकापुरात एका कापडाच्या दुकानाबाहेर कुणीतरी वाकून नमस्कार केला.

"आवं सर, वळखलं न्हाई व्हय? मी शालन. तुकडा!"

ती हसत होती. मला हसता येईना. सोबत तिची मुलगी, ईश्वरी, नववीतली.

"बरं झालं भेटलासा. हिला सांगा जरा. मोबाइलवर काय बघती आन् मला म्हणती, नऊ नऊ नऊ म्हंजे एकच. मी म्हटलं, माझ्या सरांनी सांगितलंय, एक हुतच न्हाई! तवा मी बी असलंच येड्यावानी बोललेली, सगळा वर्ग हसला हुता. पर ही ऐकंल तर शपथ."

ऐकताय ना? सत्तावीस वर्षं तिने माझी चूक सत्य म्हणून जपली होती, आणि स्वतःच्या सत्याला वेडेपणा म्हणत होती. तोंड उघडलं, आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "आईचं ऐकावं, बाळा."

ईश्वरीने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग सर, त्या दोघांच्या मधी कुठला आकडा बसतोय, तेवढं सांगा की."

"सरांना उलट इचारतीस व्हय गं?" शालनने तिच्या दंडाला चिमटा काढला. मी घड्याळ पाहिलं, गाडीची वेळ झाली म्हणालो आणि निघालो. गाडीला अजून तासभर होता.

पहिल्या वेळी मी अडाणी होतो. या वेळी मला सगळं ठाऊक होतं.

त्यानंतर मी मलकापूरला गेलेलो नाही. ईश्वरीच्या देखत शालनला सांगायचं राहिलं आहे की तू बरोबर होतीस, मी चुकलो होतो, आणि हे मला तेव्हापासून माहीत आहे. तेवढं देणं आहे माझ्याकडे.