पिंपळाचा मामा

सत्काराचं आमंत्रण आलं की मला ताप भरतो. बायकोला हे आता पाठ झालंय. परवा आमच्या भागातली पोरं आली. उन्हाळाभर बादल्या वाहून त्यांनी रस्त्याकडेची झाडं जगवलीत, त्यांचा सत्कार होता, आणि अध्यक्ष म्हणून मी हवा होतो. मी आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होतो. बायकोने मला विचारलंसुद्धा नाही. "त्यांना बरं नाही," म्हणाली आणि पोरांना चहा पाजून वाटेला लावलं. पोरं गुणी आहेत, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. मला भीती वाटते ती शालीची आणि नारळाची. ती का वाटते, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी मी साताऱ्यात मास्तर झालो. आमच्या शाळेवरून माहुलीकडे जाणारा रस्ता तेव्हा पार बोडका होता. माहुलीला संगमावर आमचं स्मशान. तिरडी खांद्यावर घेऊन माणसं भर उन्हात त्या रस्त्याने जायची, नाक्यावर खांदेपालट करायची, आणि सावली म्हणून काही नाही. आमच्या शेजारी एक पेन्शनर सुभेदार राहायचे. पहिल्या युद्धात बसऱ्याला जाऊन आलेले. एका मयतीहून परत येताना ते मला म्हणाले, "मास्तर, बसऱ्याच्या वाळूत सावली गावली मला. आन् हितं मेल्यावरबी उन्हातनंच जायाचं व्हय?" एवढ्यावरून आमची मंडळी जमली. पाच-सहा जण होतो. रविवार आला की कुदळी घ्यायच्या आणि त्या रस्त्याच्या कडेने खड्डे खणायचे.

करंज लावले, कडुनिंब लावले. पिंपळ मात्र माझा. तो शाळेच्या भिंतीत उगवला होता, आणि भिंत फुटेल म्हणून हेडमास्तरांनी उपटून टाकायला सांगितलं होतं. मी तो मुळं न दुखवता काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि नाक्यावर नेऊन लावला. एवढ्याशा कामावर मी कितीतरी दिवस छाती काढून चालत होतो.

लावणं सोपं, जगवणं अवघड. मुरमाड जमीन, फाल्गुन लागला की तव्यासारखी तापायची. आमच्या रविवारच्या बादल्या तिथे कुठे पुरणार? पहिल्या उन्हाळ्यात निम्मी झाडं गेली. उरलेली जगली ती पखालीचाचामुळे.

चाचा नगरपालिकेचा पखाली. कातड्याची मोठी पखाल हल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर घालून हौदावर भरायची आणि पेठेतल्या रस्त्यांवर शिंपडत जायचं, धूळ बसावी म्हणून. सकाळ-संध्याकाळ हेच काम. एका संध्याकाळी तो काम संपवून नाक्यावर आला, पखालीचं तोंड सोडलं आणि पिंपळाला पाणी घालू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "चार घोट उरत्यात मास्तर. घरी नेऊन काय करू? पिऊ दे लेकराला." रोज उरलेलंच म्हणायचा. पण उरलेल्या पाण्याने हल्याची पाठ इतकी वाकत नाही, हे मला कळत होतं.

त्याची पाणी घालायची रीत अजून डोळ्यांपुढे आहे. डाव्या मुठीत पखालीचं तोंड आवळून बारीक धार सोडायची आणि उजव्या हाताचा तळवा धारेखाली धरायचा. तळव्यावरून पाणी सावकाश मातीत उतरायचं. धार थेट पडली तर माती उकरते आणि मुळं उघडी पडतात, असं तो म्हणायचा. युद्धात कातडं सगळं बुटांना गेलं, नवी पखाल मिळेना. मग त्याने जुनीलाच ठिगळं लावली. गळकी पखाल घेऊन पाणी वाटेत संपू नये म्हणून हल्याला पिटाळत यायचा आणि स्वतः मागून धापा टाकत.

पिंपळ वाढला. माझ्या डोक्यावर गेला, मग सुभेदारांच्या फेट्यावर गेला. तिरडीवाले त्याच्याखाली टेकू लागले, बाजारच्या बायका पाट्या उतरवू लागल्या. युद्ध संपलं त्या सुमारास गावातल्या थोरामोठ्यांच्या मनात आलं की या झाडं लावणाऱ्या मंडळींचा सत्कार करावा. आम्ही आधी नको नको म्हणालो. नको म्हणायची एक पद्धत असते, तशी.

आणि मग मला ती कल्पना सुचली. हो, मलाच. भिंतीतलं एक वर्ष धरून पिंपळाला आठवं लागलं होतं. पिंपळाची मुंज करायची आपल्याकडे जुनी चाल आहे. मुंज झाली, पार बांधला, की बायका त्याला प्रदक्षिणा घालतात. मी सभेत म्हणालो, नुसते हार कशाला घालता? झाडाची मुंज करा, छानसा पार बांधा आणि त्याच मांडवात आमचा सत्कार उरका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला तर आनंद मावेना. कितीतरी वर्षांनी घराजवळ प्रदक्षिणेला झाड मिळणार होतं. "एवढं तरी पुण्याचं काम केलंस," असं ती मला म्हणाली.

पाराचा पाया खणताना आम्ही चाचाला बातमी सांगितली. सुभेदारांना थट्टेची सवय. ते म्हणाले, "चाचा, मुंजीला मामा लागतोय बरं का. मुलाचा पंचा, लंगोटी समदं मामाकडनं येतंय. तुमी इतकी वर्सं पाजलंय त्याला, तवा मामा तुमीच!" आम्ही सगळे हसलो. चाचाही हसला, पण मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, पंचा कितीवारी लागंल?" मी बुंध्याकडे बघून आपलं काहीतरी सांगितलं.

मुंजीच्या दिवशी चाचा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. काखेत कागदात गुंडाळलेली छोटीशी पुरचुंडी होती. हल्याच्या शिंगांना तेल लावलेलं. मांडवाच्या बाहेर, दोरीपलीकडे, दोघे उभे राहिले. पेठेतलं एक जोडपं झाडाच्या आईबापांच्या जागी बसलं होतं. मंत्र झाले, बुंध्याला मुंजीचा दोर बांधला, जानवं घातलं. मग गुरुजींनी विचारलं, "मामाकडचा आहेर कुठे आहे?"

चाचाने दोरीखालून एक पाऊल आत टाकलं. तेवढ्यात त्या बाईंचा सख्खा भाऊ ताट घेऊन पुढे झाला. ताटात रेशीमकाठी पंचा होता. चाचा तिथेच थांबला, ते पाऊल मागे घेतलं आणि पुरचुंडी पुन्हा काखेत धरली. मी हे पाहिलं. मी एकट्यानेच पाहिलं असेन. उठून "थांबा" म्हणायला मला काय झालं होतं? पण माझं नाव पुकारलं होतं, आणि मी शाल घ्यायला निघालो होतो.

चाचालाही शाल मिळाली, नाही असं नाही. आमच्या हातात दिली, त्याची मांडवाच्या कडेला पाटावर ठेवली आणि "घे" म्हणून सांगितलं. त्याने ती उचलून कपाळाला लावली.

जेवणं झाल्यावर गुरुजींनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "मास्तर, आता झाडाची मुंज झाली. आजपासून त्याला कातड्यातलं पाणी चालायचं नाही. त्या पखाल्याला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतो तो." आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "खरंच रे, बायका प्रदक्षिणा घालणार तिथे." हे माझ्या आधी ध्यानात आलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं तर मला तेवढा विचार करायचाच नव्हता. उद्या सांगू म्हटलं आणि मांडव आवरायला लागलो.

पण चाचा त्याच संध्याकाळी आला, रोजच्या वेळेला, भरल्या पखालीनिशी. बायकांच्या प्रदक्षिणा चालल्या होत्या. त्या पदर सावरून बाजूला झाल्या आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी धावत पुढे गेलो.

"चाचा, आजपासून नको."

"का? आज तर त्याची मुंज हाय. मुंजीच्या दिशी पोराला उपाशी ठेवत्यात व्हय?"

मी खाली बघत सांगितलं. मुंज, कातडं, प्रदक्षिणा असं काहीबाही पुटपुटलो आणि वर म्हणालो की नगरपालिका घालेल आता पाणी, तुम्हालाही विसावा. तो पखालीकडे बघत राहिला, जणू ती कातड्याची असते हे त्याला त्या दिवशीच कळलं. मग म्हणाला, "बरं." हल्या वळवला, रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाशी गेला आणि तोंड सोडून सगळी पखाल तिथे रिकामी केली. तेव्हासुद्धा तळवा धारेखाली होता.

दुसऱ्या दिवशी ती शाल हल्याच्या पाठीवर दिसली, पखालीखाली, पाठ सोलू नये म्हणून. गावात लोक म्हणाले, बघा, सत्काराची किंमत नाही.

पिंपळाला मग कुणी पाणी घातलं? सगळ्यांनी आणि कुणीच नाही. बायका सकाळी तांब्यातांब्याने घालायच्या. ते चुन्याच्या पारावरून ओघळून रस्त्यावर जायचं. पाया खणताना मुळं तुटली होती ती वेगळीच. नगरपालिका घालणार होती, ती अजून घालतेच आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. मंडळी जमली आणि ठरलं काय, तर झाडाला दृष्ट लागली, शांत करून घ्यावी. सुभेदार भडकले. "दुखणं हल्याला आन् डाग पखालीला! आरं, त्याला पाणी पाजा, पाणी!" ओरडता ओरडता ते गप्प झाले. त्यांना चाचा आठवला असावा.

मी चाचाच्या घरी जावं, पाय धरावेत, असं रोज ठरवत होतो. ठरवण्यात पावसाळा गेला. शेवटी गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. नगरपालिकेने रस्त्यावर पाणी शिंपडायची मोटार घेतली होती आणि पखाली बंद केले होते. हल्या विकून चाचा सांगलीला लेकीकडे गेला, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. त्या पुढच्या उन्हाळ्यात पिंपळ पुरता वाळला. एका सकाळी लाकूडतोडे येऊन तोडून घेऊन गेले. पार तेवढा राहिला, आणि पारावरची आमच्या सत्काराची शिळा.

पुढे संस्थेने माझी बदली सांगलीच्या शाळेत केली. कृष्णेच्या घाटाजवळ एका बोळात चाचा सापडला. ओट्यावर बसला होता, डोळ्यांनी अधू झालेला. आवाजावरून मला ओळखलं आणि पहिला प्रश्न केला, "भाचा कसा हाय?"

खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "मोठा झालाय चाचा."

त्याने लेकीला हाक मारून पेटीतून काहीतरी आणायला सांगितलं. तीच पुरचुंडी. कागद पिवळा पडला होता. आत एक पंचा, जाडाभरडा, लाल काठाचा. "त्या दिशी गर्दीत द्यायचा ऱ्हायला," तो म्हणाला. "तुमी साताऱ्याला जाशीला तवा बांधा त्याला. ह्याला काय कातडं लागल्यालं न्हाई. नवा हाय, चालंल त्यास्नी."

दिवाळीच्या सुट्टीत तो पंचा घेऊन मी साताऱ्याला गेलो. पारावर एक म्हातारी लसूण विकत बसली होती. मधल्या मातीत बुंध्याचा वीतभर खुंट राहिला होता. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. काय घ्यायचंय, असं म्हातारीने दोनदा विचारलं. मला रडू आवरेना, तसा मी तिथून निघालो.

सांगलीला परत आलो त्या दिवशी पिशवी घेऊन थेट चाचाकडे गेलो. या खेपेला सांगायचंच होतं.

"बांधला का?" त्याने विचारलं.

"बांधला."

"पुरला का अंगाला?"

"नाही पुरला चाचा," मी म्हणालो. "बुंधा इतका जाड झालाय की गाठच बसेना."

चाचा हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. लेकीला हाक मारून सांगू लागला, "आगं ऐकलंस का, माझा पंचा भाच्याला पुरंना!" आणि मी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरून बसलो होतो, कारण पंचा तिच्यातच होता.